ओटीचं बी

चौल, ता. १३ नोव्हेंबर १९३१

चि. सौ. ठमीस दादाचे अनेक आशीर्वाद.

परवा भाऊबीज झाली. तुझ्या वहिनीने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि दुपार टळेपर्यंत रस्त्याकडे डोळे लावून बसली. मी सांगत होतो, ती यायची नाही, मला वाढ. शेवटी तिने पाट उचलून भिंतीला लावला आणि आम्ही जेवलो. एवढंच. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

हे पत्र नजमुद्दीनभाई तुला वाचून दाखवतील. सुपारीच्या व्यापारापायी बिचाऱ्यांची म्हसळा ते रेवदंडा अशी सारखी ये-जा असते, आता आपल्या दोघांचं टपालही त्यांच्या गळ्यात पडलं आहे. वाचताना शेजारी तुझ्या सासूबाई असणारच. येसूबाई, तुम्हाला माझा नमस्कार. खालचं तुम्हीही ऐकावं म्हणूनच लिहितो आहे.

श्रावणात आईच्या वर्षश्राद्धाला तू आलीस आणि भरल्या पंगतीत म्हणालीस, "दादानं मला फसवं बी दिलं. सासरी माझं हसं झालं." आणि ताटावरून उठून गेलीस. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण श्राद्ध आईचं होतं. आता बोलतो.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आपल्यात मुलीच्या ओटीत माहेरचं बी घालतात. आईनेच सांगितलं, पोरीला घरातलं सगळ्यात चांगलं दे. तेव्हा घरात सगळ्यात चांगलं होतं ते मी शेतकी खात्याच्या वाडीत साहेबांच्या हाताखाली शिकून तयार केलेलं वांगं. एका अंगाने आपलं परसातलं काटेरी, दुसऱ्या अंगाने खात्याकडचं लांब काळं. तुलाही ठाऊक आहे, पहिल्या फुलाला खुणेचा दोरा तूच बांधला होतास. ते बी तुझ्या ओटीत पडलं आणि पहिल्या वर्षी म्हसळ्यात झाडं कमरेच्या वर गेली, फांद्यांना टेकू द्यावे लागले. हे मला नजमुद्दीनभाईंनीच येऊन सांगितलं होतं. फसवं असतं तर ते पहिल्याच वर्षी फसलं असतं.

मग तुम्ही त्यातल्या सगळ्यात जोमदार झाडावरचं सगळ्यात टपोरं वांगं पिवळं होईस्तोवर राखलंत आणि त्याचं बी धरलंत. कुणीही शहाणं माणूस तेच करील. भातात, वालात तसंच करतात आणि त्यात काही चुकत नाही. पण दोन जातींच्या मिलाफातून आलेल्या ह्या वांग्याचा जोर पहिल्याच पिकापुरता असतो. मी निरोप पाठवला होता की घरचं बी धरू नकोस, दरवर्षी माझ्याकडून ताजं ने. तो निरोप पोचला होता की नाही, एवढं कळव.

दादा

चौल, ता. २० जानेवारी १९३२

चि. सौ. ठमीस आशीर्वाद.

निरोप पोचला होता, हे कळलं. तरी नेलं नाहीस, हेही कळलं. आणि येसूबाईंचं म्हणणं असं की भावाने बी भाजून दिलं. येसूबाई, भाजलेलं बी उगवत नाही. तुमच्याकडे तर नको तितकं उगवलं. एक झाड बुटकं आणि नुसतं काट्यांचं, एक ताडमाड पण फळ नाही, एकाचं वांगं पांढुरकं, एकाचं कडू, आणि मधूनच एखादं अगदी पहिल्यासारखं. नजमुद्दीनभाईंनी सगळं वर्णन केलं. आमच्या वाफ्यातही अगदी असंच होतं. मला त्यात नवल वाटलं नाही, तुम्हाला वाटणारच.

असं का होतं म्हणून विचारलंस. तुझं विचारणं भांडणाचं होतं, पण विचारलंस हे बरं केलंस. साहेब सांगतात ते माझ्या शब्दांत लिहितो. झाडाच्या कणाकणात बारीक धागे असतात, मोठ्या भिंगाखाली दिसतात म्हणे. ते जोडीजोडीने असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. आपल्या काटेरीच्या धाग्यांत काही उणं आहे, तिथे काळ्याचा धागा सांभाळून घेतो. काळ्याला खारा वारा सोसत नाही, तिथे काटेरी उभं राहतं. दोघांची उणी झाकली जातात आणि झाड माजतं. पण त्या झाडाचं बी धरलं की धागे पुन्हा पिसले जातात, पत्ते पिसावेत तसे. मग कुणाच्या वाट्याला उणंच उणं येतं.

पुण्याहून एक दुसरे साहेब आले होते. त्यांना हे मान्य नाही. ते म्हणाले, झाकण्याबिकण्याचा प्रश्नच नाही, दोन धागे एकमेकांहून वेगळे असतात हाच त्यातला जोर, सारखे झाले की जोर संपला. दोघे बांधावर उभे राहून तासभर वाद घालत होते आणि मी टोपली घेऊन उन्हात उभा. आत नेमकं काय होतं ते त्या दोघांनीही पाहिलेलं नाही, एवढं मला समजलं.

पण त्यातून एक गोष्ट निघते, ती तुझ्या कामाची आहे. आमच्या साहेबांचं खरं असेल तर दरवर्षी चांगली झाडं निवडत गेलं की सात-आठ पिढ्यांत सगळे चांगले धागे एकाच झाडात गोळा होतील. मग ते बी टिकेल, कुणीही धरावं. पुण्याच्या साहेबांचं खरं असेल तर ते कधीच व्हायचं नाही. मी निवड चालू केली आहे, खात्याच्या वाडीतही आणि आपल्या परसातही. जमलं तर तुला असं बी देईन की पुन्हा माझ्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

सध्या कळ्यांचे दिवस आहेत. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी शोधायची, सुईने पाकळ्या उलगडायच्या, आतले पिवळे तुरे खुडून टाकायचे, वर चिंधी बांधायची. सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलातला पराग आणून लावायचा. मान आणि डोळे दोन्ही कामातून जातात. तुझी बोटं बारीक होती, तुझ्या हातून कळी कधी फाटली नाही. माझ्या हातून निम्म्या फाटतात.

दादा

चौल, ता. ८ नोव्हेंबर १९३२

चि. सौ. ठमीस.

दिवाळीला पाठवलेलं बी परत आलं. मी बांधलेली गाठ तशीच होती, सोडूनसुद्धा पाहिलं नव्हतंस. नजमुद्दीनभाई पुडी माझ्या हातात देताना खाली बघत होते. त्या भल्या माणसाला असल्या कामाला लावू नये.

मला राग आला. ताजं बी होतं, ह्या वर्षीचं. ते मी वाटेल त्याला देत नाही. अलिबागेचे लोक दारात येऊन बसतात तरी देत नाही, कारण मुळात होतंच थोडं. मी दिवसभर बडबडत होतो. म्हटलं, एवढा कसला ताठा, सख्ख्या भावाकडून घ्यायला काय जातं?

तुझी वहिनी चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "ओटीचं बी बाई एकदाच घेते. जिला दुसऱ्यांदा मागावं लागतं, तिला ठेवता आलं न्हाय, असं सगळे म्हणतात. तुमी तिला दरवर्षी म्हायेरी हात पसरायला लावताय, व्हय?"

ठमे, मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आपल्या गावात कुणाला ठाऊक नाही? पण ते बायकांचं म्हणून कानावरून जात राहिलं, आणि मी आपला धागे न् पिढ्या करत बसलो. वहिनी बोलली तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं की नजमुद्दीनभाई पुडी काढतात, पडवीत शेजारणी बसलेल्या असतात, आणि येसूबाई नुसतं तुझ्याकडे बघतात. तू परत पाठवलंस ते ठीकच केलंस. मला तरी वाईट वाटलं.

येसूबाईंनी भाजीचे वाफे तुझ्या हातून काढून घेतले आणि तुला भातकापणीला लावलं, असं कळलं. ते तुझ्या तोंडून कळायला हवं होतं. नजमुद्दीनभाई, हे वाक्य वाचलंत तरी चालेल. त्यांना ऐकू दे.

निवड चालू आहे.

दादा

चौल, ता. २ मार्च १९३४

चि. सौ. ठमीस आशीर्वाद.

मधे वर्षभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि जे होतं ते लिहावंसं वाटत नव्हतं.

साहेबांची बदली झाली. नवीन आलेल्यांना भाताशिवाय काही दिसत नाही. वांग्याचे वाफे मोडले, तिथे भाताची रोपं टाकली. आता जे काही आहे ते आपल्या परसात. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. संध्याकाळी कळी कुठली आणि पान कुठलं ते कळत नाही, वहिनी शोधून देते आणि मी तिच्या हातातली फाडतो. ती हसत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

निवडीचं सांगतो. दरवर्षी सगळ्यात चांगली झाडं राखली, बाकीची उपटली. झाडं आता बरीचशी एकसारखी दिसू लागली आहेत. साहेबांना कळवलं तर ते खूश होतील. पण जोर? पहिल्या वर्षी कमरेच्या वर जाणारं झाड मांडीशी आलं, मग गुडघ्याच्या जरा वर. यंदाचं वांगं चांगलं आहे, चवीला बरं आहे, बाजारात खपेल. आणि आपल्या आईच्या काटेरीपेक्षा काडीचंही सरस नाही. चार वर्षं मरमर करून मी जिथून निघालो तिथेच येऊन बसलो आहे. अजून एक-दोन पिढ्या करून बघतो, पण आशा राहिलेली नाही. पुण्याचे साहेब बरोबर की आमच्या साहेबांच्या हिशेबात वेळच कमी धरली होती, हे माझ्या परसातून ठरणार नाही. मला तेवढं आयुष्यही नाही आणि डोळेही नाहीत. मी फार दमलो आहे, ठमे.

तू नजमुद्दीनभाईंजवळ एकच गोष्ट विचारलीस म्हणे, आणि तीसुद्धा ते निघाल्यावर, मागून फाटकापाशी येऊन. "आईचं काट्याचं अजून हाय का घरात?"

आहे. विहिरीचं पाणी ओततात त्या थारोळ्याजवळ आहे, आईने लावलं होतं तिथेच. मिलाफाच्या दोन अंगांपैकी एक तेच, ते सोडून कसं चालेल? दरवर्षी बी धरतो, दरवर्षी तसंच्या तसं येतं. आईने तिच्या माहेराहून, चौलजवळच्याच आगरातून आणलेलं. त्याला कधी काही झालं नाही.

तू असं का विचारलंस ते कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

दादा

चौल, ता. ५ ऑक्टोबर १९३५

चि. सौ. ठमीस अनेक आशीर्वाद.

सोबत नजमुद्दीनभाईंच्या हाती एक खण पाठवला आहे. खण आईचा आहे, तिच्या पेटीतला. त्यात काटेरीचं बी आहे, राखेत घोळवलेलं. आधी सगळं ऐक, मग परत पाठवायचं तर पाठव.

येसूबाई, तुम्हीही ऐका. हे दुसऱ्यांदा दिलेलं बी नाही. तुमच्या सुनेच्या ओटीत माहेरचं बी पडायला हवं होतं, ते पडलंच नव्हतं. पडलं ते माझ्या हातचं, नव्या तऱ्हेचं, ज्याला माहेर असं एक नव्हतं. आईने चांगल्या मनाने द्यायला लावलं, मी चांगल्या मनाने दिलं, तुम्ही चांगल्या मनाने राखलंत. ह्यात कुणी कुणाला फसवलं नाही. पण ओटी तेवढी राहून गेली होती, ती आता पुरी करतो आहे. हे काटेरी तुम्ही धरा, दरवर्षी धरा, ते कधी दगा देणार नाही. पुन्हा मागावं लागणार नाही.

आता ठमी, तुझ्यापुरतं.

निवड मी सोडून दिली. जोर धरून ठेवता येत नाही, दर खेपेला दोघांना एकत्र आणून नव्याने करावा लागतो, एवढंच मला उमगलं आहे. तेव्हा मी असं केलं. काळ्याचं बी मी ठेवलं आहे, ते परसात पेरलं. काटेरीचं होतं नव्हतं तेवढं सगळं बी तुझ्याकडे पाठवलं. थारोळ्याजवळची जुनी झाडं पावसाने बसली होती, ती काढून टाकली. म्हणजे आता आपल्या घरात काटेरी नाही. वहिनी म्हणाली, डोकं फिरलंय तुमचं, ती परत पाठवील आणि पेरायची वेळ निघून गेलेली असेल, मग माझ्या सासूबाईंच्या हातचं वांगं घरातून कायमचं गेलं. मी म्हटलं, जाईल. असं म्हणताना मला फार धीर होता असं समजू नकोस.

पौषात माझ्याकडे काळं फुलेल, तुझ्याकडे काटेरी. दोन्ही एका जागी आल्याशिवाय काही होणार नाही. पराग टपालाने जात नाही, वाटेत मरतो. झाडच यायला हवं, कुंडीत, कळ्यांसकट. आणि कळ्या उघडायला बोटं हवीत, ती माझी राहिली नाहीत.

तेव्हा ठमे, मागायला येऊ नकोस. काटेरी तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. द्यायला ये.

मला तुझी फार आठवण येते. हे नजमुद्दीनभाईंनी मोठ्याने वाचलं तरी हरकत नाही.

दादा

चौल, ता. १५ डिसेंबर १९३५

चि. सौ. ठमीस.

काळ्याला कळ्या धरू लागल्या. तुझ्याकडून काहीच नाही. नजमुद्दीनभाई म्हणाले, येसूबाईंनी खण हातात घेतला, उलटून पालटून बघितला आणि आत नेऊन ठेवला. पेरला की नाही ते त्यांना माहीत नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. शहाणा माणूस आहे.

परत आला नाही, एवढ्यावर मी दिवस काढतो आहे. थारोळ्याजवळची जागा मोकळी बघवत नाही म्हणून वहिनीने तिथे अळू लावलं.

दादा

चौल, ता. १७ जानेवारी १९३६

गं. भा. येसूबाई यांस काळूरामचा साष्टांग नमस्कार.

आपली सून काल दिवेलागणीच्या आधी सुखरूप पोचली. काळजी नसावी. म्हसळ्याहून बैलगाडी, दिघीहून होडी, पलीकडे मुरूडला पुन्हा गाडी आणि शेवटी रेवदंड्याच्या खाडीवरची नाव, असा सगळा प्रवास तिने झाड मांडीवर घेऊन केला. होडीत वाऱ्याने कळ्या झडू नयेत म्हणून त्याला पदराखाली धरलं होतं. पदराला काट्यांनी ठिकठिकाणी ओढलं आहे, तर तिला रागावू नये, लुगडं मी नवीन घेऊन देतो.

दारात आली तेव्हा मला वाटलं, काहीतरी बोलेल. मीही चार-पाच वर्षं जुळवून ठेवलेलं बोलणार होतो. ती म्हणाली, "दादा, आधी धर ह्ये. हात अवघडला." मी झाड घेतलं. मला नीट दिसत नव्हतं, आणि ते मोतीबिंदूमुळेच असं मी सगळ्यांना सांगितलं.

मग कळलं. बी तुम्ही स्वतः पेरलंत, मागच्या दारी, भांड्यांचं पाणी जातं तिथे, आणि कुणाला हात लावू दिला नाहीत. ते उगवून सगळं एकसारखं आलं तेव्हा शेजारणींना बोलावून दाखवलंत. आणि ही निघाली तेव्हा त्यातलं सगळ्यात चांगलं झाड तुम्ही तुमच्या हाताने मुळांच्या मातीसकट तडकलेल्या हंडीत बसवून दिलंत आणि म्हणालात, "म्हायेरी रिकाम्या हातानं जाऊ नको." येसूबाई, मी तुमच्याविषयी मागे पुष्कळ वेडंवाकडं लिहिलं, ते नजमुद्दीनभाईंनी तुम्हाला वाचून दाखवलं असेल. नसेल दाखवलं तर बरंच.

झाड प्रवासाने थोडं मलूल आहे, पण कळ्या धरून आहे. आज संध्याकाळी ठमी बसली होती. एकही कळी फाटली नाही. उद्या सकाळी काळ्याचा पराग लावायचा. फळ पिकायला वेळ लागेल, ते आम्ही राखू. बी निघालं की निम्मं तुमच्याकडे येईल. त्याच्या झाडांचं बी मात्र धरू नका, वांगी पोटभर खा. पुढच्या पौषात पुन्हा एक झाड घेऊन तिला पाठवा, म्हणजे पुन्हा करू. दर पौषात पाठवा, अशी हात जोडून विनंती आहे.

कळ्या अजून बऱ्याच यायच्या आहेत, तेव्हा तिला आणखी आठवडाभर ठेवून घेतो. वाट बघू नये. नजमुद्दीनभाईंना माझा सलाम सांगावा, आणि ह्या पत्रातलं काहीही गाळू नका म्हणावं.

आपला,
काळूराम

ता. क. ठमीच्या वहिनीने भिंतीचा पाट काढून मांडला. इतक्या वर्षांची भाऊबीज राहिली होती, ती आज पौषातच उरकली.